आडवा बावटा

“तुझ्या कप्तानाला सांग, आमचा बावटा वर चढल्याशिवाय ह्या बोटीतलं एक पोतं खाली येणार नाही!”

खाली धक्क्यावर एक दांडगा गडी उभा होता. तोंड लालबुंद, डोक्यावर चपटी लोकरीची टोपी, आवाज असा की वरचे समुद्रपक्षी उडाले. त्याच्या मागे त्याचे हमाल, हात खिशात घालून. मी वर कठड्याला रंग फासत होतो. माझं इंग्रजी म्हणजे बोटीवरचं, पाच-पन्नास शब्द आणि बाकी हातवारे. पण रागावलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो.

“काय म्हणतोय रे तो?” आमचे सारंगचाचा मागून आले. हसनमियाँ सारंग, बाणकोटचे. बोटीवरच्या सगळ्या खलाशांचे मुख्य.

“चाचा, बावटा मागतोय.”

“मग बरोबर मागतोय,” चाचा म्हणाले आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

ते बंदर आयर्लंडचं, बॅलीकॅरा नावाचं. आमच्या गुहागरापेक्षा लहान. साल सहासष्ट. इंग्रजाला हाकलायला त्यांनी जे बंड केलं, त्याला त्या ईस्टरच्या सणाला पन्नास वर्षं पुरी होत होती. गल्लोगल्ली पताका, प्रत्येक खिडकीत त्यांचा झेंडा, पोरं ढोल बडवीत फिरतायत. आणि नेमकी सणाच्या तोंडावर आमची बोट येऊन लागली. बोट इंग्रजांची, कप्तान इंग्रज, मागच्या काठीवर इंग्रजांचा बावटा. आम्ही खलाशी तेवढे कोकणातले.

आता दर्यावरची एक रीत आहे. परक्या बंदरात शिरलात की त्या मुलखाचा बावटा डोलकाठीवर चढवायचा. पाहुण्याने उंबऱ्यावर राम राम घालावा, तसं. आमचे कप्तान विटकम साहेब हे सगळ्या जगाला करायचे. एका बंदरात त्यांचं घड्याळ चोरीला गेलं, तरी निघेपर्यंत तिथला बावटा खाली घेतला नाही. फक्त आयर्लंडचाच बावटा बोटीवर नव्हता. मला पक्कं ठाऊक, कारण बावट्यांचं कपाट माझ्याच ताब्यात. मी बोटीवर कसाब होतो. घाबरू नका, बोटीवरचा कसाब बकरी कापत नाही. दोर, रंग, दिवे, कापड ह्यांचं कोठार सांभाळतो, फाटलंतुटलं शिवतो. तर त्या कपाटात प्रत्येक मुलखाला एकेक खण, आणि आयर्लंडच्या खणात साहेब आपली पायपाची तंबाखू ठेवायचे.

चाचा त्यांच्याबरोबर जुने. ते सांगायचे, “ह्या बंदराला हा तिसऱ्यांदा आला. पण शिडी उतरून एकदा खाली पाय ठेवला नाही बघ. दुर्बीण घेऊन ती टेकडी बघत बसतो. काय आहे त्या टेकडीवर, अल्ला जाणे. चार घरं आणि मेंढरं.”

मी वर गेलो. साहेब पुलावर, म्हणजे कप्तान उभा राहतो तिथे, दुर्बीण घेऊन.

“साहेब, खालचे लोक बावटा मागतात.”

“आपला फाटला,” साहेब दुर्बीण न काढता म्हणाले.

“हो साहेब,” मी म्हटलं. फाटायला आधी असावा लागतो. पण कप्तानाला असलं तोंडावर सांगत नाहीत.

“सणानंतर नवा मागवू. त्यांना घाई असेल तर मला नाही.”

साहेबाला नव्हती, मला होती! माझं लग्न ठरलं होतं. पालशेतच्या महादू तांडेलाची द्वारकी. आधी दोनदा तारीख पुढे गेली, एकदा कंपनीने सोडलं नाही, एकदा बोट दुरुस्तीला अडकली. आता अक्षय्य तृतीया धरली होती. महादू तांडेल मला निरोप द्यायला बंदरावर आला तेव्हाच म्हणाला होता, “भिकाजी, तिसऱ्यांदा चुकलास तर पोरीला हळद लागेल, पण दुसऱ्याच्या नावाची. माझा तुझ्यावर राग नाही, पण पोर काय वल्ह्यासारखी भिंतीला टेकवून ठेवू?”

हिशोब सरळ होता. माल थोडाच, दिवसाचं काम. आज उतरला तर आम्ही वेळेवर लिव्हरपूलला, तिथे खलाशी बदलणार, जुने विमानाने मुंबईला. आज नाही उतरला तर हमाल सणाला घरी, विमान गेलं आणि द्वारकीही गेली.

दहाच्या सुमाराला कंपनीचा एजंट आला, साहेबाच्या खोलीत काहीतरी धुमश्चक्री झाली आणि साहेब दार आपटून बाहेर आले.

“कसाब! बावटा शीव एक. हिरवा, पांढरा, केशरी. सारखे तीन पट्टे.” आणि परत आत.

बावट्यांचं पुस्तक त्यांच्याच खोलीत. मागायची माझी छाती नव्हती. आणि मागायचं कशाला? हिरवा, पांढरा, केशरी म्हटल्यावर आपल्या माणसाला पुस्तक लागतं होय?

कापडाची मात्र पंचाईत झाली. पांढऱ्यासाठी खानसाम्याने साहेबाच्या टेबलावरचं जेवणाचं कापड दिलं, कोपऱ्यात रश्शाचा डाग होता. हिरव्यासाठी चाचांनी पेटी उघडली आणि नवी कोरी लुंगी काढली.

“चाचा, ही नको!”

“अरे घे. माझं लग्न होऊन गेलंय. मला कोण बघतोय लुंगीत?”

केशरी कुठे मिळेना. रंगाच्या डब्यात कापड बुडवलं तर वाळायला दोन दिवस. तेव्हा मीच माझी पेटी उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांत, माझा लग्नाचा फेटा. भुलेश्वराला पहिल्या तारखेच्या वेळी घेतलेला. बोटीवरून उतरून थेट मांडवात उभं राहायची वेळ आली तर, म्हणून बरोबर ठेवला होता.

चाचांनी फेटा हातात घेऊन बघितला. “भिक्या, फेट्याशिवाय लग्न होईल. नवऱ्याशिवाय नाय होणार. काप.”

कापला. काय सांगू, कात्री कापडातून जात नव्हती, माझ्या नरड्यातून जात होती.

दोघांनी मिळून भराभर शिवला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा.

“मध्ये चक्र नको काढू हां,” चाचा म्हणाले.

“नाही काढत. ह्यांचं आपल्यासारखंच असतं, चक्र तेवढं नसतं.”

“गरीब मुलूख आहे. खर्च परवडला नसेल.”

मी बावटा चढवला. वारा मिळाला, फडफडला. खरं सांगतो, ऊर भरून आला. वाटलं, आता खालून टाळ्या पडणार.

खाली कसल्या टाळ्या! एकाने तोंडातली विडी काढली. मग तो दांडगा, डेनी क्रॉनिन त्याचं नाव, सगळ्या हमालांचा मुकादम, त्याने टोपी धक्क्यावर आपटली.

“आडवा पाडला! पन्नासाव्या वर्षी आमचा झेंडा ह्या इंग्रजाने आडवा पाडला! मढ्यासारखा निजवलाय! चला रे, घरी चला!”

आणि पाठ फिरवून चालायला लागले सगळे.

मी समोरच्या गावाकडे बघितलं. खिडक्या-खिडक्यांतून त्यांचे झेंडे. इतका वेळ मला पताकाच दिसत होत्या. आता नीट बघितलं तर पट्टे उभे! हिरवा, पांढरा, केशरी, तिघे शेजारी-शेजारी उभे. आडवे आपले, त्यांचे उभे!

“या अल्ला,” चाचा म्हणाले. “भिक्या, पळ!”

मी शिडीवरून असा उतरलो की शेवटच्या पायऱ्या लागल्याच नाहीत. धावत जाऊन डेनीच्या पुढ्यात उभा राहिलो, हात जोडले. इंग्रजी सगळं पळून गेलं.

“मी! मी शिवला! कप्तान नाही, मी!”

“तू?” तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. “कुठला तू?”

“इंडिया. भिकाजी.”

“मग आडवा का शिवलास, बिकाजी?”

“आमचा आडवा असतो. हेच तीन रंग. केशरी वर. माझे हात आपोआप तसेच गेले.”

“तुमचा पण हाच?” त्याच्या कपाळावरची एक आठी उतरली. “तुमच्यावर पण इंग्रजच होते ना? कधी हाकललंत त्यांना?”

“सत्तेचाळीस.”

“हं. आम्ही तुमच्या आधी,” तो म्हणाला. मोठ्या भावासारखी छाती काढली त्याने. “आमचं घर जाळलं त्यांच्या शिपायांनी. मी आईच्या कडेवर होतो. कळलं? म्हणून हा झेंडा आमच्या इथे चेष्टेचा विषय नाही. कापड कुठलं वापरलंस?”

“हिरवी सारंगाची लुंगी. नवीन आहे!” मी घाईने सांगितलं. “केशरी माझ्या लग्नाचा फेटा. लग्नात डोक्याला बांधतात तो.”

“आणि पांढरं?”

“साहेबाच्या जेवणाच्या टेबलावरचं.”

डेनीने एकदा वर बावट्याकडे बघितलं. मग मागे वळून आपल्या माणसांना ओरडून सांगायला लागला. “ऐकलंत का रे? हिरवे म्हणजे आपण, केशरी म्हणजे ते उत्तरेकडचे इंग्लंडच्या राणीवाले, आणि दोघांनी एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून मध्ये पांढरं. आणि मध्ये काय घातलंय ह्या गड्याने? इंग्रजाचं टेबलाचं कापड! रश्शासकट!”

असे हसले, असे हसले, एक म्हातारा हमाल खाली दोराच्या वेटोळ्यावर बसून डोळे पुसायला लागला.

“लग्न कधी तुझं?”

सांगितलं. दोनदा हुकलं तेही सांगितलं. सासऱ्याचं बोलणं जमेल तसं सांगितलं. डेनीने मान हलवली. “माझा सासरा असाच होता.” मग बोट वर केलं. “ऐक. चूक तुझी, माफ. उभा करून आण. पण चढवायचा तुझ्या कप्तानाने, स्वतःच्या हाताने. घर मालकाचं आणि राम राम गड्याने घालायचा, हे आम्हाला चालत नाही.”

म्हणजे आगीतून फुफाट्यात.

वर आलो. टाके उसवले, पट्टे कापून आखूड केले, उभे जोडले. घामाघूम झालो. दोर लावला आणि बावटा छातीशी धरून साहेबापुढे उभा राहिलो.

“ते म्हणतात, तुम्ही चढवा.”

“मी?” साहेबाचं तोंड पांढरं पडलं. “ते म्हणतात? कसाब, मी ह्या लोकांचं काहीही देणं लागत नाही. जा.”

मी हललो नाही. धीटपणाने म्हणाल तर नाही, पायच उचलले नाहीत. साहेबाने केशरी पट्टा बोटांत धरला. त्याच्यावर जरीची एक बारीक रेघ राहिली होती.

“हे काय कापड आहे?”

“माझा फेटा, साहेब. लग्नाचा.”

“तुझं लग्न ह्याच महिन्यात ना?”

“आज माल उतरला तर.”

साहेबाने पट्टा सोडला. भिंतीवरची टोपी घेतली, घातली, कोटाची बटणं लावली आणि बाहेर पडले. मी मागे.

डोलकाठीपाशी आलो. खाली सगळे हमाल माना वर करून. साहेबाने बावटा उलगडला आणि थांबले.

“कसाब, उलटं केलंस. दोर केशरीच्या बाजूला लावलास. हिरवा काठीकडे असतो. नेहमी. हिरवा काठीकडे.”

माझ्या डोक्यात केशरी पहिला, तो जाईना, त्याला मी काय करू! मी सदऱ्यात खोचलेली सुई काढून बावट्याला हात घातला. साहेबाने सुई आपल्याच हातात घेतली. फळीवर बसले आणि दोर उसवून हिरव्या बाजूला शिवायला लागले. कप्तान! सोन्याच्या पट्ट्यांचा कोट घालून! आणि टाका कसा? बोटीवरचा नव्हेच, बारीक, बायकी, घरातला टाका.

खालून डेनीचा आवाज आला. ह्या वेळी जरा हळू. “कप्तान! शिवायला कोणी शिकवलं?”

“आईने.”

“आणि हिरवा काठीकडे, हे कोणी शिकवलं?”

साहेबाने दोरा दातांनी तोडला. “तिनेच. तिच्या शिवणाच्या डब्यात तळाला एक असाच होता. हातभर. माझ्या बापाला माहीत नव्हता. तो शिपाई होता.” मग म्हणाले, “ती इथली होती. नेली हर्ली.”

खालचे हमाल पुढे सरकले. आणि मग डेनीने जे विचारलं ना, मला वाटलं मी पालशेतच्या पारावर उभा आहे.

“कुठल्या हर्ली? गिरणीजवळच्या का टेकडीवरच्या?”

“टेकडीवरच्या. निळं दार होतं.”

“नेली!” तो दोरावर बसलेला म्हातारा उठलाच. “इंग्रज शिपायाबरोबर गेली ती! अरे, नाचायची काय पोर!”

साहेब कठड्याशी आले. “तिची आई वारली तेव्हा ती मला घेऊन आली होती. मी आठ वर्षांचा. पाऊस होता. दार कोणी उघडलं नाही. आम्ही तसेच परत बंदरावर आलो.” आवाज बोटीवर हुकूम देतात तसाच, कोरडा. “ती परत कधी आली नाही. म्हणून मीही उतरत नाही.”

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी चाचांचा हात धरला. “चाचा, हे साहेबाचं आजोळ आहे हो!”

चाचा नुसते “हं” म्हणाले. पण त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. अशा वेळी तोंडात काही नसावं, तशी.

डेनी टोपी हातात फिरवत होता. “दार नेलीच्या म्हाताऱ्या बापाने बंद केलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “म्हातारा गेला, त्याला जमाना झाला. दार तेच आहे, निळंच आहे. ढकललं की उघडतं. आत तुझी मावशी आहे, ब्रायडी. आजच सकाळी अंड्यांवरून माझी आई-माई काढलीन तिने. जाशील तर पाय पुसून जा, नाहीतर भांड्याने मारेल.”

“जिवंत आहे?” साहेब म्हणाले. एवढंच. हातातली सुई खाली पडली ती त्यांना कळली नाही.

“आधी बावटा, कप्तान!” डेनी ओरडला. “मग मावशी!”

साहेबाने स्वतः दोर ओढला. माझा फेटा, चाचांची लुंगी, मध्ये रश्शाचा डाग, सगळं उभं राहून वर गेलं. हमालांनी टोप्या काढल्या. साहेबाने सलाम केला. मग डेनी हातावर थुंकला, “कामाला लागा रे, बिकाजीची बायको वाट बघतेय!” म्हणाला आणि पोती अशी उतरायला लागली की बोटीलाही आश्चर्य वाटलं असेल.

साहेब शिडी उतरले. पहिल्यांदा. टेकडीची वाट चढताना आम्ही त्यांना त्यांच्याच दुर्बिणीने बघितलं, चाचा आणि मी, आळीपाळीने. निळ्या दारापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग पाय पुसले. मग दार त्यांनी ढकललं की आतून कोणी ओढलं, ते चाचांची पाळी असल्यामुळे मला दिसलं नाही. चाचा म्हणतात, आतून ओढलं.

काम संपायच्या वेळेला परतले. हातात अंड्यांची टोपली, गालावर पिठाचा हात उमटलेला.

“साहेब, चहा दिला का मावशीने?” चाचांनी धीर करून विचारलं.

“मी नको म्हटलं,” साहेब म्हणाले. “तीनदा. तिन्हीदा तिने कप भरला.”

“इथे नको म्हणजे हो असतं,” डेनी म्हणाला.

“आमच्याकडेपण!” मी म्हटलं.

निघताना डेनी शिडीपर्यंत आला. माझ्याकडे बघून म्हणाला, “फेटा तर गेला. मग लग्नात डोक्यावर काय घालशील?” आणि मी नको नको म्हणेपर्यंत, तीनदा म्हटलं हं मी, आपली ती चपटी टोपी काढून माझ्या डोक्यावर बसवली. कानापर्यंत आली.

बंदर सुटल्यावर बावटा उतरवायचा असतो. साहेबाने स्वतः उतरवला, घडी केली आणि कपाटाशी आले. आयर्लंडच्या खणातली तंबाखू काढून माझ्या हातात दिली, घडी आत ठेवली.

“साहेब, तंबाखू कुठे ठेवू?”

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. “इंग्लंडच्या खणात ठेव. तो बावटा कायम मागच्या काठीवरच असतो. खण रिकामाच आहे.” आणि हसले. बोटीवर मी त्यांना हसताना तेवढंच बघितलं.

मी गावी पोचलो तेव्हा पोरीच्या अंगणात हळद वाटत होते. महादू तांडेल मला बघून आधी रडला, मग डोक्याकडे बघून खेकसला, “हे काय घातलंयस? फेटा कुठे तुझा?”

“आयर्लंडात.”

“तिथे काय करतोय?”

“मोठी गोष्ट आहे, मामा. आधी लग्न लावा.”

त्याने घरातून दुसरा फेटा आणला. मी बांधला नाही. ज्या टोपीने वेळेवर आणलं तिला उतरवून ठेवायची, हे मला बरं दिसेना. भटजी कुरकुरले, पण मुंडावळ्या त्या टोपीवरच बांधल्या. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली गेला आणि समोर द्वारकी. तिने वर बघितलं. माझ्या डोक्यावर लोकरीचा तवा आणि त्याच्याखाली दोन मोत्यांच्या लडी. तिने ओठ चावले, पदर तोंडात कोंबला, पण हसू काही थांबेना. हातातली माळ थरथरायला लागली. तीनदा माझ्या गळ्याकडे नेली आणि तीनदा चुकली.

“घाल गं बाई,” मी हळूच म्हटलं. “फार लांबून उभा राहायला आलोय.”